पन्हाळ्यावर बाराही महिने माणसे राहतात

महोदय,

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवरचा पन्हाळा पर्यटकांना उन्हाळ्यातील गारव्यापुरता आठवतो. आम्ही रहिवासी मात्र आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस दाट धुक्यात, ओल चढलेल्या भिंतींत आणि न वाळणाऱ्या कपड्यांत काढतो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा एरवी हाकेच्या अंतरावर वाटणारे कोल्हापूर एकाएकी दूर गेले. २०२५ मध्ये गडाला जागतिक वारशाचा मान मिळाला, याचा आनंद (आणि सुट्टीच्या दिवशी थोडा धसकाही) आहेच. तथापि, वाहनतळाइतकीच निकड उतारावरील गटारांच्या सफाईची आहे, कारण मुरलेले पाणीच कडा आतून पोखरते. ती सफाई आणि दरडींची पाहणी मृग नक्षत्रापूर्वी पूर्ण करावी, ही विनंती.

– एक रहिवासी, पन्हाळा, जि. कोल्हापूर