वेशीवरचा दगड आणि दाराबाहेरची पिशवी

डर्बीशायर, इंग्लंड, 31 मे 2020

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा बाबा विचारत होते की इथल्या खेड्याचा कारभार नेमका कोण बघतं, आणि आळीतल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं पोरं आणून देतात त्यात रोज घोळ होतो तर तुमच्याकडे कसं करतात. तेवढ्यात फोन तुटला. दोन्ही उत्तरं फोनवर मावणारी नाहीत, म्हणून लिहितेय. टपालाचा सध्या भरवसा नाही. पानांचे फोटो दादाच्या फोनवर पाठवते, त्यानं मोठ्यांदा वाचून दाखवावं.

इथे गावाला 'पॅरिश' म्हणतात, पण त्या एका नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक चर्चची पॅरिश, म्हणजे एका देवळाचा परिसर. दुसरी सरकारी पॅरिश. 1894 च्या कायद्यानं गावचा दिवाणी कारभार चर्चकडून काढून घेतला आणि पॅरिश कौन्सिलकडे दिला. बाबा, ही तुमची ग्रामपंचायतच, फक्त हात आखडलेले. शाळा, मोठे रस्ते, कचरा हे सगळं वरच्या कौन्सिलांकडे. हिच्याकडे खेळाचं मैदान, भाड्यानं द्यायचे भाजीचे वाफे, बाकडी, नोटीस बोर्ड, काही ठिकाणी दफनभूमी. घरपट्टीत तिचा एक बारीक हिस्सा असतो, त्यावर सगळं चालतं. सदस्यांना पगार नाही. पगार असतो तो क्लार्कला, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाला, आणि लहान गावात तोही आठवड्यातल्या मोजक्या तासांचा.

23 मार्चला संध्याकाळी कोरोनामुळे टाळेबंदी जाहीर झाली आणि पहिली अडचण कायद्याचीच आली. 1972 च्या कायद्याप्रमाणे सदस्य बैठकीला प्रत्यक्ष हजर हवेत, आणि घराबाहेर पडायला तर बंदी. दूरस्थ बैठकांना परवानगी देणारे नियम लागू झाले 4 एप्रिलला. मधले दिवस कौन्सिल कायद्यानं ठरावच करू शकत नव्हती. इथे तुम्हाला गंमत वाटेल, बाबा: अध्यक्षाला एकट्याला पैशाचाही निर्णय घेता येत नाही. अधिकार सोपवायचा तर समितीला नाहीतर क्लार्कला, एकट्या सदस्याला नाही. ज्या गावांनी मार्चच्या मधल्या आठवड्यातच 'क्लार्कनं अमुक रकमेपर्यंत खर्च करावा' असा ठराव करून ठेवला, त्यांची कामं सुरू राहिली. बाकीची फोनवर एकमेकांना 'हो हो, करा' म्हणत राहिली, आणि त्याची हिशेबात नोंद कशी करायची हा प्रश्न नंतर उभा राहिला.

ज्या कामासाठी कायद्यात दुसरं कलमच नाही, त्यासाठी कलम 137 आहे. या वर्षी त्याखालच्या खर्चाची मर्यादा मतदारामागे 8.32 पौंड. गावात 400 मतदार असले तर वर्षाला 3,328 पौंड. पत्रकांची छपाई, स्वयंसेवकांचं पेट्रोल, हातमोजे, सगळं त्यातून. पैसा फार नाही, पण बऱ्याच ठिकाणी तो पूर्ण खर्चही झाला नाही, कारण खरी टंचाई पैशाची नव्हती, पाय चालणाऱ्या माणसांची होती. खेड्यातले बहुतेक स्वयंसेवक स्वतःच सत्तरीचे, आणि सत्तरीवरच्यांना 16 मार्चपासूनच शक्यतो लोकांत मिसळू नका असं सांगितलेलं. चर्चची फुलं, सभागृहाच्या किल्ल्या, मासिक वाटणं ही सगळी कामं ज्यांच्या अंगवळणी होती तेच घरात बसले.

आता औषधं. बाबा, हे नीट ऐका, कारण घोळ सगळीकडे सारखेच होतात.

गावाचे गल्लीप्रमाणे भाग पाडतात, एका माणसाकडे वीस ते तीस घरं, आणि एक बदली माणूस. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक दारात एक चिठ्ठी टाकतात: नाव, फोन, आणि 'औषध / किराणा / नुसतं बोलायला' यातल्या कशाला हाक मारायची ते. चिठ्ठीवर फक्त मोबाइल नंबर छापला की काम बिघडतं. चुनखडीच्या या दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, आणि ऐंशीच्या आजी अनोळखी मोबाइल नंबर उचलत नाहीत. घरचा फोन हवाच.

नेहमीची औषधं इथे बहुधा 28 दिवसांची मिळतात. दवाखान्याकडे मागणी सात दिवस आधी जायला हवी, तिथून औषधाच्या दुकानात, आणि तिथे मार्च-एप्रिलमध्ये इतकी गर्दी उसळली की एरवीचे दोन दिवस पुरेनात. त्यामुळे औषध संपल्यावर फोन करणं म्हणजे आठवडा कोरडा काढणं. स्वयंसेवकाची वही म्हणून 'कोणाला काय हवं' अशी नसते. 'कोणाचं कधी संपतं' अशी असते. तारखांच्या क्रमानं नावं, आणि प्रत्येक तारखेच्या दहा दिवस आधी त्यानं स्वतःहून फोन करायचा. औषधाचं नाव वहीत लिहायचंच नाही. कोण काय घेतं हे गावाला कळता कामा नये, आणि खेड्यात ते दुपारपर्यंत कळतं.

दुकानात पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख सांगावी लागते. जन्मतारीख विचारायची राहून गेली म्हणून फेरी फुकट जाणं हे सर्रास. साठीवरच्यांना इंग्लंडात औषधं मोफत, त्यामुळे पैशाचा प्रश्न येत नाही. बाकीच्यांना 1 एप्रिलपासून प्रत्येक औषधामागे 9.15 पौंड. पिशवी चिकटवून बंद असते, ती उघडायची नाही. इन्सुलिन असेल तर ते शेवटी घ्यायचं आणि आधी पोचवायचं. गाडीच्या काचेआड उन्हात ठेवून बाकीची घरं करत बसायचं नाही. दारापाशी ठेवून घंटा वाजवायची, दोन मीटर मागे सरकायचं आणि पिशवी आत जाईपर्यंत तिथेच थांबायचं. घंटा वाजवून निघून गेलं तर, एक, पिशवी भलत्याच दारात राहते आणि, दुसरं, आतला माणूस पडलेला असेल तर कळत नाही.

किराण्याचे पैसे हा नाजूक भाग. कार्ड आणि पिन कोणी कोणाला द्यायचा नाही, हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. इथली म्हातारी माणसं अजून धनादेश लिहितात. गावच्या दुकानाला थेट धनादेश, स्वयंसेवकाच्या हातात पैसा नाही, हे उत्तम. रोख असेल तर पाकिटात, वर रक्कम लिहून.

आणि हो, आई, तू पिठाचं विचारलं होतंस. 'गव्हाच्या देशात पीठ कसं संपतं?' संपलं नव्हतंच. गिरण्यांचं जेमतेम चार टक्के पीठ दुकानांत किरकोळ विकलं जातं. बाकीचं बेकरीला आणि कारखान्यांना, मोठ्या पोत्यांतून नाहीतर टँकरनं. घरोघरी सगळे एकदम पाव भाजायला लागले, आणि गिरण्यांकडे गहू होता पण लहान पिशव्या भरायची यंत्रं तेवढी नव्हती. गावोगावच्या दुकानदारांनी मग 16 किलोची पोती आणून कागदी पिशव्यांत किलो-किलो भरून विकलं. त्यातही एक पथ्य: पोत्यावरची 'गहू आहे' ही सूचना आणि तारीख प्रत्येक पिशवीवर उतरवावी लागते, कारण गहू न चालणारी माणसं इथे आहेत. आपल्या चक्कीवाल्याला हे सांगितलंस तर तो हसेल.

बातम्यांचं काय, तर दर पॅरिशचं एक मासिक असतं, चर्चच्या नावानं पण सगळ्या गावाचं. ए-फोर कागद मधे दुमडला की चार पानं होतात, म्हणून अंक नेहमी चारच्या पटीत: सोळा, वीस, चोवीस. एरवी त्यातली निम्मी जागा कार्यक्रमांची. एप्रिलमध्ये कार्यक्रमच उरले नाहीत. चर्चची सार्वजनिक प्रार्थना 17 मार्चला थांबली, पुढच्या आठवड्यात इमारतींनाच कुलपं लागली. 12 एप्रिलच्या ईस्टरला कँटरबरीच्या आर्चबिशपांनी आपल्या स्वयंपाकघरातून प्रार्थना घेतली. घंटाही गप्प. अंत्यविधीला अगदी जवळची माणसं तेवढी. त्यामुळे मासिकातली श्रद्धांजलीची पानं एकदम महत्त्वाची झाली, कारण गावानं निरोप द्यायची तेवढी एकच जागा उरली.

पुष्कळ गावांनी छापणं थांबवून अंक ईमेलनं पाठवला. माझ्या मते ही मोठी चूक. ज्यांना त्या बातम्यांची सर्वांत जास्त गरज त्यांच्याकडेच ईमेल नाही. शहाण्या गावांनी अंक बंद करून एकच कागद काढला, दोन्ही बाजूंनी छापलेला, अक्षर ठळक आणि टपोरं, आणि तो किराण्याच्या पिशवीतून नाहीतर दूधवाल्याबरोबर घरात पोचवला. दुकानाच्या वेळा, कचऱ्याचा बदललेला वार, कमी झालेल्या बसगाड्या, कोणाला फोन करायचा. कवितांना जागा नाही! हा कागद लोक फ्रिजवर लावतात आणि गोंधळ तिथेच होतो: 13 मेला नियम बदलले तरी एप्रिलचा कागद फ्रिजवर तसाच. उपाय सोपा आहे. दर आठवड्याला कागदाचा रंग बदलायचा, तारीख सर्वांत वर, आणि खाली 'मागचा पिवळा कागद फाडून टाका'.

13 मेनं इथलं वातावरणच बिघडवलं. इंग्लंडात कुठेही गाडीनं फिरायला जायची मुभा मिळाली, मे कोरडाठाक, आणि सगळी शहरं डोंगरात लोटली. शौचालयं बंद, अरुंद रस्त्यावर गाड्या अशा लावलेल्या की ट्रॅक्टर निघेना, आणि वाळलेल्या रानात शेगड्या. मार्चमध्ये पोलिसांनी करबर कड्यावर ड्रोन उडवून फिरायला आलेल्यांचं चित्रण केलं आणि लोक येऊ नयेत म्हणून बक्स्टनजवळच्या जुन्या खाणीतलं निळं पाणी काळं रंगवलं, तेव्हा देशभर टीका झाली होती. गावातल्यांचं मत मात्र तितकं एकमुखी नव्हतं. आपल्याकडे रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून 'मुंबईकरांनी येऊ नये' असे फलक लागले ना, तसलाच राग, फक्त जरा आदबशीर.

पण या डोंगराला या गोष्टीचा जुना सराव आहे. इथून जवळ ईयम नावाचं गाव आहे (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार 'ईम'). 1665 मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग आला असं मानतात. पुढच्या जूनमध्ये तिथल्या धर्मगुरूनं, विल्यम मॉम्पेसननं, आपल्या आधीच्या धर्मगुरूला सोबत घेऊन गावाला वेशीच्या आत राहायला राजी केलं. चर्च बंद, प्रार्थना उघड्या घळीत, घराघरानं अंतर ठेवून. ज्यानं त्यानं आपली माणसं आपणच पुरायची. वेशीवर भोकं पाडलेला एक दगड आहे. त्या भोकांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, शेजारच्या गावानं सामान ठेवून ती न्यायची. सुमारे 260 माणसं गेली असं सांगतात. दारापाशी पिशवी ठेवून मागे सरकायचं हे या मुलखात कोणाला नवं शिकवावं लागलं नाही.

आई, पालख्या यंदा पायी जाणार नाहीत हे वाचलं. इथे या दिवसांत फळ्यांवर पाकळ्यांची चित्रं करून विहिरी सजवतात. तेही बहुतेक गावांनी रद्द केलं, कारण ते काम दाटीवाटीनं बसून करायचं. लाकडी फळ्या आधी काही दिवस पाण्यात भिजत घालतात, नाहीतर लाकूड मातीतलं पाणी शोषतं आणि माती तडकते. मातीत मीठ घालून मळतात, ओल टिकावी म्हणून. ती बोटभर जाडीची लिंपायची, खाली खिळे ठोकलेले असतात म्हणून फळी उभी केली तरी सुटत नाही. कागदावरचं चित्र टाचणीनं टोचून उतरवायचं, रेघा कॉफीच्या बियांनी, आणि पाकळ्या खालून वर, कौलांसारख्या एकावर एक, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. उभी रांगोळीच म्हण ना. आठवडाभर टिकते. या वर्षी काही घरांनी ताटाएवढ्या फळीवर एकेक करून खिडकीत ठेवली आहे.

डॉक्टर-नर्सांसाठी दर गुरुवारी वाजवायच्या टाळ्याही 28 तारखेला संपल्या, दहा गुरुवार झाले. उद्यापासून सहा जणांना उघड्यावर भेटता येईल.

बाबा, वहीचं एक कोरं पान आखून शेवटच्या फोटोत पाठवलं आहे: संपायची तारीख, नाव, घर, फोन, बदली माणूस. आपल्याकडे पाकिटं दहाची किंवा पंधराची, त्यामुळे 28 चा हिशेब तिथे चालणार नाही. गोळ्या मोजूनच तारीख काढा. आणि सुरुवात आईपासून करा. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्यात ते आज मोजून दादाला सांगा, मी संध्याकाळी फोन करते.

तुमची,
धाकटी