माडीवरची खोली

आश्विन वद्य तृतीया, रात्रीचे साडेनऊ

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई "बरं बरं" म्हणते आणि मग दोन दिवस नीट जेवत नाही. बाबा तर फोनच दादाच्या हातात देऊन टाकतात. म्हणून लिहिते आहे. दादाला सांगून ठेवलं आहे की पत्र तुमच्याच हाती द्यायचं. बाबा, जाड काचेचा चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच घडी घालून ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी तेच सांगून टाकते. १ ऑक्टोबरपासून माडीवरची खोली मी पाहुण्यांना दिली आहे.

तुम्हाला विचारलं नाही, हे माझं चुकलं. पण विचारलं असतं तर बाबा "दे ना, आमचं काय" म्हणाले असते आणि आई गप्प बसली असती. मग माझ्याने ते झालंच नसतं. पोळ्याच्या दिवशी बाबांचा पाय सातव्या पायरीवरून घसरला, तेव्हाच मी मनात ठरवलं होतं. नागपूरच्या गाडीत बसेपर्यंत तुम्ही "काही नाही झालं" हेच म्हणत होता. मामाच्या वेळीही सगळे असंच म्हणत होते. त्या अकरा पायऱ्या आता तुम्ही दोघांनीही चढायच्या नाहीत. रात्री तीनदा उठून न्हाणीपर्यंत अंधारात उतरायचं नाही. बास.

आणि पैशाचंही सांगते, लपवत नाही. पावसाळ्याचे तीन महिने ताडोबाचं कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद होतं. बफरच्या, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यातल्या, सफारीला कोणी आलं तर आलं. ऑगस्टमध्ये सोळा दिवस एकही पाहुणा नव्हता. मागच्या दोन खोल्यांवर वीजबिल आणि काकूंचा पगार निघतो, पण बाथरूमचा हप्ता निघत नाही. जो येतो तो आधी माडीच मागतो. खिडकीतून बोडीचं पाणी दिसतं, पलीकडे जंगलाची कड दिसते, शहरातल्या माणसाला आणखी काय पाहिजे? माडीचे जे पैसे येतात ते सगळे तुमच्या नव्या खोलीला लागले आहेत. माझ्या हाताला एक रुपयाही लागलेला नाही. वही ठेवली आहे, बाबा आले की तपासतीलच.

आता तुमच्या खोलीचं. स्वयंपाकघराला लागून जी धानाची कोठी होती, ती मोकळी केली. आई, रागावू नको, आधी पूर्ण ऐक. पूर्वेच्या भिंतीत मोठी खिडकी काढली, तिच्यातून तुळस दिसते आणि पेरूचं झाड दिसतं. खाली खरखरीत फरशी आहे, ओल्या पायानेही घसरत नाही. पलंगापासून पाच पावलांवर कमोड, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलच्या दांड्या. दिव्याचं बटण उशाशी आहे, हात लांबवला की लागतो. गरम पाण्याचा नळ आहे, तरी बाबांना बंबाचंच पाणी आवडतं म्हणून बंब काढलेला नाही. पलंग तुमचाच आहे, सागवानी. चार जणांनी पाय सुटे करून खाली उतरवला. पाहुण्यांना मी नवीन दिवाण घेतला. तुमच्या पलंगावर मी कोणाला झोपू देईन का?

ढोली मोडलेली नाही. बाहेरून सारवून सपरीच्या कोपऱ्यात उभी केली आहे, आणि यंदाचं धान तिच्यातच जाईल. बाबांची पेटी दुपट्ट्यात बांधून तुमच्या नव्या खोलीत ठेवली आहे. परवा एका पाहुण्याने वाजवून बघू का म्हणून विचारलं. चांगला माणूस होता, तरी मी नाही म्हटलं.

आईचे प्रश्न मला माहीत आहेत, तर एक एक सांगते. चपला सपरीतच काढायच्या, हे आल्या आल्या सांगते. देवघराकडे कोणी फिरकत नाही. कोंबडी मागणारे असतातच. तिचा रस्सा बाहेरच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, आणि ती भांडी घरात येत नाहीत. दारू चालणार नाही असं बुकिंग घेतानाच स्पष्ट सांगते. एकदोन जण त्यावर आले नाहीत, नाही आले तर नाही. ओळखपत्राची नोंद प्रत्येकाची होते. परदेशी माणूस असेल तर चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवते. निवास-न्याहारी योजनेचा कागद चौकटीत लावून भिंतीवर टांगला आहे. रात्री काकू माझ्याजवळच झोपतात. मी एकटी नाही.

न्याहारीचं तर तुला ऐकायलाच पाहिजे. सकाळी सहाला गेट उघडतं, म्हणून मी चारला उठते. दहिवर इतकं पडतं की अंगणात गेलं की पाय ओले होतात, आणि दुपारी मात्र ऊन डोक्यात जातं. पाहुण्यांना चहा-बिस्कीट देऊन पाचपर्यंत जिप्सीत बसवते. खरी न्याहारी होते ती ते परतल्यावर, साडेदहाला. तोपर्यंत त्यांची भूक खवळलेली असते. तर्री-पोहे सगळ्यांनाच माहीत आहेत, पण मी तांदळाचे आयते करायला लागल्यापासून कोणी पोहे मागत नाही. सोबत भेदऱ्याची चटणी आणि जवसाची चटणी. भेदरे म्हणजे टोमॅटो, हे त्यांना समजावून सांगावं लागतं. तुझ्यासारखे जाळीदार अजून होत नाहीत. पीठ रात्री किती पातळ ठेवायचं हे तू कधी मोजून सांगितलंच नाहीस, "हाताला कळते" एवढंच म्हणालीस. माझ्या हाताला अजून पुरतं कळलेलं नाही. येऊन खुर्चीवर बस आणि सांग. तव्यापाशी उभं राहायचं नाही, हेही आत्ताच सांगते.

जंगलात मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून सगळे आपापले फोन माझ्याकडे ठेवून जातात. सात-आठ फोन परातीत पडलेले असतात आणि मी कणीक मळताना वाजत राहतात. कोणाची आई, कोणाचं ऑफिस. स्क्रीनवर "आई" दिसलं की माझा हात थांबतो. उचलत नाही, पण थांबतो.

या दिवसांत वाघ फार दिसत नाही. गवत कमरेएवढं आहे, पाणी जागोजाग आहे, तो पाणवठ्यावर येईल कशाला? काही जण हिरमुसून परततात. मग मी त्यांना तारूची गोष्ट सांगते. गोंडांचा तो प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला, तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, त्याच्याच नावाने ताडोबा. पण मला ती दोन मिनिटांत सरते. बाबा, तुम्ही सांगायचा तेव्हा कंदील संपायला यायचा पण गोष्ट संपायची नाही. परवा मी पाहुण्यांना म्हटलं, कार्तिकात या, माझे बाबा येणार आहेत. म्हणजे तुम्हाला यावंच लागेल.

हलकं धान कापायला आलं आहे, भारी अजून हिरवंच आहे. तुडतुडा यंदा धुऱ्याकडच्या दोन बांध्यांतच लागला, वेळेवर फवारलं. भीती आता पावसाची. कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या असताना आला तर सगळं काळं पडेल, म्हणून उन्हं बघूनच कापणी धरते, आणि वाळलं की लगेच पुंजणं रचते. मी बांधीत एकटी जात नाही. नऊच्या आधी नाही, चारच्या नंतर नाही, आणि सगळ्या बाया मिळून, बोलत बोलत. वाकून काम करणाऱ्या माणसालाच वाघाचा धोका असतो, हे तुम्हीच शिकवलं आहे. एक जण बांधावर उभा राहून नजर ठेवतो. संध्याकाळी गाय आत, दार बंद, अंगणात दिवा. खरंच काळजी करू नका.

परवा वद्य पंचमी, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. गुरुदेव सेवा मंडळाची माणसं विचारून गेली, बाबा येणार का. मी नाही म्हटलं, तर अध्यक्ष बराच वेळ सपरीत नुसते बसून राहिले. ४ वाजून ५८ मिनिटांच्या मौनाला मी जाणार आहे, तुमची पांढरी टोपी घेऊन. तुम्ही तिथे दादाच्या गच्चीवर उभे राहाल हे मला माहीत आहे. उभे राहू नका, खुर्ची घ्या. महाराज रागावणार नाहीत.

दुसरी गोष्ट. दिवाळीला मी नागपूरला येत नाही. लक्ष्मीपूजनापासून पुढचे नऊ दिवस तिन्ही खोल्या भरलेल्या आहेत, पैसे घेऊन झालेले आहेत. वर्षभराचं या नऊ दिवसांवर आहे. भाऊबीजेला दादाला ओवाळायला मी नसेन, वहिनीला सांगून ठेवलं आहे, ती ताट करेल. मी परत आले त्या वर्षी त्याने जे केलं ते मी विसरलेली नाही, एवढं त्याला सांगा. जमिनीवरून आमचं जे बोलणं झालं ते झालं, ते मनात ठेवून मी येत नाही असं कृपा करून समजू नका. कानोले आणि अनारसे पाठवते आहे. अनारसे आईसाठी. बाबांसाठी बिनसाखरेचे शेव-चिवडा, वेगळ्या डब्यात, डब्यावर नाव आहे.

रात्री माडीवर पाण्याचा तांब्या ठेवायला गेले होते. पाहुणे अंगणात बसलेले होते, खोली रिकामी होती. मी खिडकीशी उभी राहिले. या खिडकीत बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि बोडीवर टॉर्च मारायचे. पलीकडे दोन डोळे चमकले की म्हणायचे, हरीण आहे, झोप. खूप वर्षांनी कळलं की दरवेळी हरीण नव्हतं. आई वाकळ मानेपर्यंत ओढून द्यायची, त्या वाकळेला तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ होता. ती वाकळ मी पाहुण्यांना दिलेली नाही. पहाटेच्या जिप्सीत गारठा लागतो म्हणून बाकीच्या देते, ती माझ्या अंगावर असते.

आता ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, जेवण झाल्यावर आठवली म्हणून नाही. तीन महिन्यांची साखर तपासून दिवाळीआधी रिपोर्ट मला फोनवर पाठवायला दादाला सांगा. रबरी तळाची चप्पल घरातही घालायची. आई, गुडघ्याला तेल लावते म्हणतेस आणि लावत नाहीस, नात मला सगळं सांगते. धाकट्या मावशीने पैसे मागितले तर माझं नाव सांग. आणि एसटीने निघू नका. मागच्या वेळी भिसीच्या फाट्यावर दोघं तासभर उन्हात उभे होता, ते माझ्याने पुन्हा सहन होणार नाही. मी गाडी पाठवते.

मंडईच्या जत्रेच्या आठवड्यात या. गावात नाटक आहे, वडशाची कंपनी आहे, रात्रभर चालेल. पहिला अंक बघून बाबांनी घरी यायचं, पेटीवाला कितीही चांगला असला तरी. निघायचं सोमवारी. मंगळवारी जंगल बंद असतं, त्या रात्रीचं मी एकही बुकिंग घेतलेलं नाही. सगळं घर आपलंच असेल. खोली बघा, दोन रात्री झोपून बघा. नाहीच आवडली तर माडी परत तुमची, पण मग पायऱ्यांना दोन्हीकडे कठडा लावल्याशिवाय नाही.

आणि आई, माडीवरच्या भिंतीतल्या कपाटाची चावी तुझ्या जुडग्यात आहे. पाहुणे विचारतात, यात काय आहे. मी सांगते, माझ्या आईचं कपाट आहे. कपडे ते खुंटीला टांगतात. कुलूप मी तोडलेलं नाही. येताना चावी विसरू नको.

तुमची,
धाकटी