आराखडा ठरतानाच गावाला बोलवा

महोदय,

परदेशी निधीतून ग्रामीण भागात चालणाऱ्या विकासकामांत ‘स्थानिक भागीदार’ हा शब्द सर्रास वापरला जातो. पण उद्दिष्टे, अंदाजपत्रक आणि मोजमापाचे निकष आधीच ठरलेले असतात आणि स्थानिक संस्थेच्या वाट्याला येते ती केवळ अंमलबजावणी. 2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि मदतसंस्थांनी 2020 पर्यंत किमान 25 टक्के मदतनिधी स्थानिक व राष्ट्रीय संस्थांपर्यंत शक्य तितका थेट पोहोचवण्याचे मान्य केले होते. ती मुदत उलटून गेली, उद्दिष्ट मात्र गाठले गेले नाही.

मराठवाड्यातील एका प्रकल्पात आमच्या गावसख्या, म्हणजे गावातल्याच कार्यकर्त्या, बाळांची वजने शाळेच्या वहीत मराठीत लिहून ठेवत आणि एखाद्या बाळाचे वजन घटलेले दिसले की त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जात. निधी देणाऱ्यांना मात्र इंग्रजी तक्ता हवा होता आणि त्यात घरभेटीसाठी रकानाच नव्हता. दर महिन्याचे चार दिवस वहीतले आकडे संगणकावर चढवण्यात जात. ते काम करणाऱ्या मुलीचे मानधन अंदाजपत्रकात कुठेच धरलेले नव्हते. याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या चार दिवसांत कितीतरी घरभेटी झाल्या असत्या.

वेगळ्या वाटेसाठी फार दूर जावे लागत नाही. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा लोकांची पहिली निकड पाणी आणि अन्न ही होती, आणि उपचारांबरोबर त्यांनी तीही आपली मानली. गावांनीच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या आणि पुढे परदेशातून आलेले प्रशिक्षणार्थी त्यांच्याकडून शिकले.

2020 मध्ये परदेशी योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन असा निधी एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. हिशेबाची शिस्त हवीच, परंतु मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या छोट्या गावपातळीवरील संस्थांची यात फार ओढाताण झाली आहे. सरकारने त्यांच्यासाठी काही वाट काढावी. देणगीदारांना विनंती इतकीच, की नव्या प्रस्तावाची पहिली बैठक गावात आणि मराठीत घ्यावी, नोंदी ठेवणाऱ्यांचे मानधन अंदाजपत्रकात धरावे आणि वर्षअखेरीस आपणही ग्रामसभेपुढे बसून कामाचा हिशेब द्यावा.

– एक कार्यकर्ती, मराठवाडा