मागणीनुसार देशभक्ती : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

यंदा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शासकीय कविसंमेलनाचे मला निमंत्रण होते. शेंगेतच कोंब फुटलेल्या सोयाबीनवरची माझी कविता आयोजक अधिकाऱ्यांनी आदल्या दिवशी मागवून घेतली, पीकविम्याच्या दोन ओळींखाली लाल रेघ मारली आणि समासात ‘देशभक्तीपर द्यावी’ असा शेरा लिहून परत केली. हयातभर मुलांच्या वह्यांवर मी शेरे मारले. उतारवयात माझ्याही वहीला तो मान मिळाला, याबद्दल आभारी आहे.

देशभक्तीच्या कवितेशी आमचे वैर नाही. १९३८ साली ‘वंदे मातरम्’साठी औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी निजामी राजवटीशी झगडा मांडला आणि त्यापायी कॉलेजातून नाव कमी झालेले सोसले. त्या वेळी आदेश होता तो गीत न म्हणण्याचा. त्याच लढ्याच्या स्मरणदिनी कवीने काय म्हणावे हे कार्यालयात ठरते, यात अधिकाऱ्यांना काहीच वावगे वाटत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटलेत. त्या दाव्यात पुढे केलेली गाथासप्तशती पैठणच्या सातवाहन राजाच्या, हालाच्या, नावावर आहे. पण तिच्यात राजाच्या पराक्रमापेक्षा शेतकरी, गोदाकाठ आणि नवरा परगावी गेलेल्या बायकाच अधिक भेटतात. पुढे त्याच पैठणात नाथांनी रामकथा मराठीत आणली आणि रावणाच्या बंदीतून देवांना सोडवणे हे रामाचे कार्य म्हणून ठसवले. परक्या अमलाखालच्या माणसाला काय हवे होते, ते यातून कळते. डोईचा पदर खांद्यावर घेऊन भरल्या बाजारी निघालेली गंगाखेडची जनाबाई आज आयोजकांच्या टेबलापाशी आली असती, तर तिलाही ‘सुधारून आणावे’ असेच सांगितले गेले असते.

मंडपावर दोन-अडीच लाख उडाल्याचे गावात बोलतात. आकडा मी पडताळलेला नाही, तो आपण पडताळावा. कवींचे मानधन मात्र ‘प्रक्रियेत’ आहे. माझ्या शेताच्या नुकसानीचा पंचनामा प्रक्रियेत आहे, माझ्या जुन्या शाळेतील मराठीच्या शिक्षकाची रिकामी जागाही प्रक्रियेतच आहे. कवितेवरचा शेरा तेवढा एका रात्रीत होतो, त्याला ना निविदा लागते ना मंजुरी.

कविता आधी मागवून तपासण्याचा लेखी आदेश असल्यास त्याची प्रत मिळावी. त्यासाठीही दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करायचा असेल, तर तसे कळवावे.

आपला,
एक सेवानिवृत्त मराठी शिक्षक, जि. परभणी