आजींच्या ओव्यांना पण जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार,

महिला दिन आला की पुरवणीत उद्योजिका आणि अधिकारी दिसतात, कौतुक आहेच हो, पण गावातल्या म्हाताऱ्या बायकांना कोण विचारतं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात सासुरवास आहे, नवऱ्याचा मार आहे, बाबासाहेबही आहेत. पहाटे दोघी समोरासमोर बसून खुंटा फिरवायच्या, जात्याच्या घरघरीत (मला तरी वाटतं) मनातलं बिनधास्त बाहेर यायचं. गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले पण बोलायची ती जागा गेली. आता नातीकडे मोबाईल आहे, आजीला बोलतं करून रेकॉर्ड करा ना! तुम्ही रविवारी अर्धा कॉलम द्या, सांगणारीच्या नाव-गावासकट, आणि प्लीज तिची भाषा शुद्ध करत बसू नका.

आपली एक वाचक