बांगड्यांचा रंग विचारणाऱ्या पेंटरकाकांना

आदरणीय पेंटरकाका,

सप्रेम नमस्कार.

पार्सल मंगळवारी मिळालं. फोनवर ‘मिळालं, छान झालंय’ एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला, कारण पुढं बोलायला आवाजच फुटेना. तुम्हाला वाटलं असेल, बाईंना चित्र पसंत पडलं नाही की काय. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळावं असं फार वाटतं. नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे एवढ्या ओळखीत समजलंय. तुमची मुलगी तुम्हाला वाचून दाखवेल.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की हाच फोटो का. आज मीच सांगते.

माझा मुलगा एप्रिल २०२० मध्ये झाला. लॉकडाऊन लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेली. साधारण ७०० बाळांमागे एखादं असं जन्माला येतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच, की खोलीतली सगळी माणसं एकदम गप्प झाली आणि मग सगळ्यांना एकदम २६ डिसेंबर आठवला. २०१९ चं ते सकाळचं सूर्यग्रहण. मला सहावा महिना होता आणि मी डब्यासाठी दोडका चिरला होता. विळीवर बसलेली मी सगळ्यांनी पाहिली होती. झालं, कारण सापडलं.

ओठ जुळतो तो गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. म्हणजे ते ग्रहण लागलं तेव्हा माझ्या बाळाचा ओठ जसा व्हायचा तसा होऊन तीन-चार महिने उलटले होते. डॉक्टरांनी मला हे कागदावर काढून दाखवलं. पण तोपर्यंत मी कितीतरी रात्री स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते. याच हातांनी चिरलं, असं वाटायचं.

त्याला अंगावर ओढता येत नव्हतं. दूध नाकातून यायचं. मग मांडीवर उभं धरायचं, उजव्या हातानं हनुवटीला आधार द्यायचा आणि बोंडल्यानं थेंब थेंब सोडायचं. एका वेळच्या दुधाला पाऊण तास लागायचा, की लगेच पुढची वेळ. बारसं झालं नाही, पाहुणे आले नाहीत. फोटो तर कुणी काढलेच नाहीत. ‘ऑपरेशन होऊ दे, मग काढू’ असंच सगळे म्हणायचे.

एकच निघाला. ऑगस्टमध्ये बहीण चार दिवस आली होती, तिनं खिडकीपाशी काढला. बाळ साडेतीन महिन्यांचं, दूध पिऊन पोट भरलेलं, आणि हसलेलं. ज्यांनी असं बाळ पाहिलंय त्यांनाच कळेल मी काय म्हणतेय. ओठ दुभंगलेलं बाळ हसतं तेव्हा सगळा चेहरा उघडतो, हसू थेट नाकापर्यंत जातं. ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं. बाळ बाहेर आणलं तेव्हा क्षणभर मी त्याला ओळखलंच नाही. आनंद झाला होता, खूप झाला होता, डॉक्टरांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पण ते रुंद हसू त्या दिवशी संपलं आणि त्याचा निरोप घ्यायचा राहून गेला. हे कुणाला सांगणार? दुभंगलेल्या ओठाची आठवण येते असं आईच म्हणाली तर लोक वेड्यात काढतील.

आता तो बालवाडीत मोठ्या गटात आहे. वर्गात कुणीतरी ओठावरच्या रेघेबद्दल विचारलं. घरी येऊन म्हणाला, ‘आई, मी बाळ होतो तेव्हा कसा होतो? दाखव ना.’ भिंतीवर दाखवायला काही नव्हतं. बहिणीचा तो फोन केव्हाच बिघडला होता. तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो तेवढा उरला होता, आणि तोही मोठा केला की चौकोन दिसायला लागतात असा. म्हणून मग तो रंगवून घ्यायचं ठरवलं.

आधी गेले ते गावातल्या एका स्टुडिओत. दोनदा सांगितलं होतं, चेहरा बदलू नका, फक्त पेंटिंगसारखं करून मोठं करा. चार दिवसांनी प्रिंट हातात आली. ओठ जोडलेला, म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी ओठ आणून बसवलेला. माझं सावळं बाळ गोरं झालेलं. हनुवटीखालचा माझा हात कापून टाकलेला आणि तिथं निळं आभाळ. काउंटरवरचा मुलगा खुशीत म्हणाला, ‘मॅडम, डिफेक्ट काढून टाकला.’ मनानं वाईट नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं मला काहीतरी जास्तीचं दिलंय. ते चित्र मी मुलाला दाखवलं. त्यानं नीट बघितलं आणि विचारलं, ‘हे कुणाचं बाळ आहे?’

मग भाच्यानं तो फोटो एका अ‍ॅपमध्ये घातला. अर्ध्या मिनिटात चित्र तयार. साडेतीन महिन्यांच्या बाळाला भरलेले ओठ, आणि ओठांत दोन दात! त्या यंत्राला लाखो बाळांचे चेहरे दाखवले असतील, त्यांत आमच्यासारखी किती असणार? त्याला जिथं फट दिसली तिथं त्यानं भरून टाकली.

त्यानंतर एक चित्रकार मिळाले. त्यांनी आगाऊ पैसे घेतले आणि आठवड्यानं कळवलं, ‘असा फोटो भिंतीवर बरा दिसत नाही. ओठ नॉर्मल करून देतो, पैसे तेवढेच.’ मी नको म्हटलं. पैसे परत आले नाहीत, ते जाऊ देत. ‘बरा दिसत नाही’ हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. सहा वर्षांपूर्वी घरात ऐकलेलेच शब्द होते ते.

तुमचा नंबर मैत्रिणीनं दिला तेव्हा मला खरं तर पुन्हा कुणाला काही पाठवायची इच्छाच उरली नव्हती. पाठवला आणि विसरून जायचं ठरवलं. दोन दिवसांनी रात्री नऊला तुमचा फोन आला.

‘ताई, एक विचारायचं होतं.’

पोटात गोळा आला. आता ओठाचं येणार.

‘बाळाच्या हनुवटीखाली जो हात आहे, त्यातल्या बांगड्या कुठल्या रंगाच्या? फोटोत नुसत्या काळपट आल्यात.’

‘हिरव्या,’ मी म्हणाले.

‘हिरव्या म्हणजे पोपटी का गर्द?’

‘गर्द. ओटभरणात भरलेल्या.’

‘किती होत्या?’

‘डझनभर होत्या, पिचत पिचत चार उरल्या होत्या.’

‘मग बरोबर. मला तीन मोजता येत होत्या, चौथीची शंका होती. बरं, ठेवतो.’

एवढंच. मिनिटभराचाही फोन नसेल. काका, मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मला कळलं नाही. सहा वर्षांत त्या फोटोतल्या बाळाच्या ओठाबद्दल मला शंभर जणांनी विचारलं असेल. त्या हाताबद्दल कुणी म्हणजे कुणीच विचारलं नव्हतं. तो ठेवायचा की काढायचा, हा प्रश्नसुद्धा तुम्हाला पडला नाही. ज्या हातांना सगळ्यांनी दोष दिला, मी स्वतःही दिला, त्या हातातल्या बांगड्या कुणीतरी एक एक करून मोजत होतं.

नंतर मी विचारलं तेव्हा तुम्ही सहज सांगितलंत, की तुमचे वडील फोटो स्टुडिओत कृष्णधवल फोटो रंगवायचे, काडीला कापूस गुंडाळून. फोटोत रंग नसायचाच. म्हणून ते गिऱ्हाइकाला आधी बसवून घ्यायचे, साडी कुठल्या रंगाची, काठ कसला, कुंकू लाल की पिंजर असं सगळं विचारायचे आणि फोटोच्या पाठीमागं पेन्सिलनं लिहून ठेवायचे. ‘विचारल्याशिवाय रंग लावायचा नाही, हे घरातच शिकलो,’ असं तुम्ही म्हणालात. हातात ब्रशच्या जागी टॅब्लेटचं पेन आलं, पण ती सवय तुम्ही सोडली नाहीत. कोल्हापुरात बाबूराव मेस्त्रींना लोक बाबूराव पेंटर म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं. कामच माणसाचं नाव होतं ते का, हे मला तुमच्याशी बोलल्यावर उमगलं.

चित्राबद्दल मी काय लिहू, मला त्यातलं कळत नाही. जे दिसलं ते सांगते. बाळाच्या कानाच्या पाळीत तुम्ही लाल रंग ठेवलाय, खिडकीतलं ऊन कानातून आरपार येतं तसा. डोळ्यातला उजेडाचा ठिपका चौकोनी आहे, आमच्या खिडकीसारखा. रंग सावळाच आहे, पण त्या सावळ्यात जांभळट, तांबूस, हिरवट असं किती काय काय आहे हे नाक लावून बघितल्यावर कळतं. आणि ओठ. त्या फटीत तुम्ही काळं भरलं नाहीत. तिथं गुलाबी आहे, ओलसर, आणि खालच्या ओठावर लाळेचा एक पांढरा ठिपका. तो ठिपका मी रोज पदरानं पुसायचे, काका.

सासूबाई बराच वेळ चित्रासमोर उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि खिळा-हातोडी घेऊन आल्या. कुठं लावायचं हेही त्यांनीच दाखवलं, बाहेरच्या खोलीत, दारातून आल्या आल्या समोर. आमच्यात त्यावर पुढं काही बोलणं झालं नाही, आणि मला आता ते नकोही आहे.

मुलगा शाळेतून आला, दप्तर टाकलं, खुर्चीवर चढला. आधी ओठाला बोट लावलं, मग स्वतःच्या ओठावरच्या रेघेला. मग म्हणाला, ‘इथं शिवलं ना डॉक्टरांनी?’ आणि खाली बघून, ‘हा तुझा हात.’ विचारलं नाही, सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांना बोलावून आणून त्यानं तेच सगळं त्यांना समजावून दिलं. बांगड्या चार आहेत हेही.

तुमच्यासारखी माणसं मला त्या दिवसांतही भेटली होती, हे आता आठवतंय. लॉकडाऊनमध्ये आमच्या आशाताई तोंडाला ओढणी बांधून दारात यायच्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून हे ऑपरेशन मोफत होतं, हे त्यांच्याकडूनच कळलं. सांगून झाल्यावर त्या दरवेळी बाळाकडे बघून हसायच्या, डोळ्यांनी, आणि बाळही हसायचं. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं बोंडलं कसं धरायचं ते माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं होतं. यांपैकी कुणी काही फार मोठं बोललं नाही. त्यांनी बाळाकडे नजर न चुकवता बघितलं. शिकलेली, पैसेवाली, नात्यातली कितीतरी माणसं ज्या ठिकाणी कमी पडली, तिथं ही माणसं अगदी सहज उभी राहिली. त्यांचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले. या पत्रात त्यांचेही मानते.

पैशांचं तुम्ही ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेणार नाही म्हणालात, त्यामुळे त्यावर बोलत नाही. सोबत आमच्या घरचा गूळ पाठवलाय, तो मात्र परत करायचा नाही.

आणखी एक काम आहे. माझ्या आईच्या लग्नातला एक कृष्णधवल फोटो पाठवतेय. तुमच्या सवडीनं करा, घाई नाही. आईला समोर बसवून सगळं विचारून घेतलंय आणि पाठीमागं पेन्सिलनं लिहिलंय: शालू जांभळा, काठ जरीचा, कुंकू पिंजर, बांगड्या हिरव्या, गर्द.

तुमची,
बाळाची आई