मॉरिसच्या मदतनीसांना मनापासून धन्यवाद

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या गॅरेजमध्ये गंजत पडलेली १९६७ची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर पुन्हा रस्त्यावर आली, ती तुम्हा सगळ्यांमुळेच. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची भार पेलणारी चौकट, नाही; दाराखालचा पत्रा कुजला की सगळा सांगाडाच खचतो. म्हणून तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या सळ्या वेल्ड करून देणाऱ्या शेजारच्या आजोबांचे उपकार कसे फेडू? त्या नसत्या, तर दारं पुन्हा नीट लागलीच नसती. मागची ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चौकट निव्वळ शोभेची नसते, भार पेलते. तिचे सांधे तासून जुळवणाऱ्या सुतारदादांनी एक पैसाही घेतला नाही. इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची सुई पोस्टाने पाठवणाऱ्या ताईंना तर मी अजून पाहिलेलंही नाही! नाव नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण पहिली फेरी तुम्हालाच, हे नक्की.